नावाविना पारख

झाशीच्या जुन्या मराठी घरांतून ज्येष्ठ लागला की एक वाद हटकून रंगतो : कोकणातला हापूस श्रेष्ठ की इकडचा दशहरी? गंमत अशी की, फोड तोंडात पडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. तो जिभेने नव्हे, अभिमानाने दिलेला असतो.

नाव झाकून वस्तू पारखली, तर निकाल तोच राहील काय? या प्रश्नाची एक गाजलेली कसोटी पॅरिस येथे झाली. ती द्राक्षमद्याची होती. मद्याची महती गाण्याचा माझा हेतू नाही. मला सांगायचे आहे ते पारखीविषयी.

दिवस २४ मे १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. पॅरिसमध्ये मद्याचे दुकान चालविणारा इंग्रज गृहस्थ स्टीव्हन स्परियर व त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी ही परीक्षा योजिली. आरंभी शुभ्र मद्ये आली : कॅलिफोर्नियाची सहा, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताची चार, आणि दहाही शार्दोने या एकाच जातीच्या द्राक्षांची. द्राक्ष एकच असले, म्हणजे फरक उरतो तो माती, हवामान आणि करणाऱ्याचा हात यांचा. बर्गंडीच्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचे नाव नसतेच. गावाचे किंवा मळ्याचे असते. तेथे नाव हीच हमी. या दिवशी मात्र नावे झाकलेली होती. नऊ फ्रेंच परीक्षकांनी वीसपैकी गुण दिले.

पहिला क्रमांक आला कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलेना या मद्यशाळेच्या १९७३ सालच्या मद्याचा. ते सिद्ध करणारा माइक गर्गिच हा क्रोएशियात जन्मलेला, १९५८ साली अमेरिकेत आलेला कारागीर. दुसरा क्रमांक बर्गंडीच्या मर्सोचा. तिसरा व चौथा पुन्हा कॅलिफोर्नियाचा. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन आपण फ्रान्सला परतलो, असा निर्वाळा दिला! दुसऱ्या परीक्षिकेने मागाहून आपली गुणपत्रिका परत मागितली. हे सारे पाहावयास वार्ताहर एकच हजर होता : ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्या विजयी मद्याची एक बाटली आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

या निकालाने बर्गंडी हीन ठरली काय? मुळीच नाही. परीक्षक नऊ, दुपार एक. एवढ्यावरून शतकांचा लौकिक पुसला जात नाही. सिद्ध झाले ते इतकेच की, जाणत्याच्या जिभेलाही डोळा गुपचूप मदत करीत असतो. आज नाशिकच्या शेनिन ब्लांची बाटली पाहताच ‘देशीच ना?’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांच्यापुढे फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील त्याच जातीचे मद्य नाव झाकून शेजारी ठेवावे. हरले तरी हरकत नाही. पण हरणे चवीने ठरावे, चिठ्ठीने नव्हे.

मी सरकारी नोकर. माझ्या टेबलावर दररोज अर्ज येतात. प्रथम दृष्टी जाते ती अर्जदाराच्या आडनावाकडे, मग शिफारसपत्राकडे. आणि मजकुराची पाळी येईतो मनात निम्मा निकाल लिहून झालेला असतो. हे मला फार उशिरा उमगले. अलीकडे मी शिफारसपत्र मागे लावतो, अर्जाचा माथा दुमडतो आणि आधी मजकूर वाचतो. माझे किती निकाल त्यामुळे बदलले, हे सांगावयास संकोच वाटतो. आणि त्यापूर्वीच्या अर्जांचे काय झाले असेल, या विचाराने त्याहून अधिक.