कापड, रोगजंतू आणि कसोटी

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालं की होटगी जंक्शन लागतं. इथून एक रूळ रायचूरकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. हा गदगचा फाटा १८८४ सालचा. सोलापूरची पहिली गिरणी त्याआधीच, १८७७ साली, चालू झाली होती. आगगाडीमुळे माणसं आणि कापड दोन्ही दूरवर जाऊ लागली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो रेल्वेबरोबर पसरेल या धास्तीनं पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. प्रवासी उतरवून तपासायचे, बोचकी औषधी पाण्यात बुडवायची, गोरगरिबांच्या गोधड्या जाळायच्या, असा सपाटा चालला. सारा संशय कापडावर! पण १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखविलं, की प्लेग पोचवते ती उंदरावरची पिसू. कपड्यांत पिसू दडली तर धोका खराच. नुसतं कापड मात्र निर्दोष होतं.

आता पारडं फिरलं आहे. कापडच रोगजंतू मारतं, असं सांगतात. माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. तिथल्या संशोधकांनी २००६ साली झिंक ऑक्साइडचे नॅनोकण स्टार्चच्या, म्हणजे आपल्या खळीच्याच जातीच्या पाण्यात बनवून सुती कापडावर चढविले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण अशा काही दहा नॅनोमीटरांचे. त्या कापडावर दोन जातींच्या जंतूंची वाढ रोखली गेली.

हे ठरवायचं कसं? एक तुकडा लेपाचा, एक साधा. दोन्हींवर सारखेच जंतू सोडायचे, साधारण चोवीस तासांनी उरलेले मोजायचे. लाखातले ९९ टक्के मेले, तरी हजार उरतातच! मग कापड धुऊन पुन्हा मोजायचं, कारण लेप धुण्यात निघून जाऊ शकतो. विषाणूंची परीक्षा निराळी. तिचं आंतरराष्ट्रीय मानक २०१४ साली आलं. जंतूंवर पास झालेलं कापड विषाणूंवर पास झालं, असं होत नाही. शिवाय तासाभरानं मरणारा विषाणू तोवर हाताला लागू शकतो.

२०२० साली करोनाच्या काळात असे दावे पुष्कळ ऐकू आले. तेव्हा जंतुनाशक चादर वा टॉवेल घेताना दुकानदाराला जरूर विचारावं: कोणत्या जंतूवर तपासलं, किती वेळात, आणि किती धुण्यांनंतर? पूर्वी कसोटीवाचून गोधड्या जळाल्या. आता कसोटीवाचून गाठीचे पैसे जाऊ नयेत.