हुकूम खरा की खोटा?



अहेरीसारख्या गावी कचेरीत किंवा शाळेत काम करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. हुकूम देणारा साहेब क्वचितच दिसतो. प्राणहितेच्या काठचं हे गाव. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली शंभर किलोमीटरांहून दूर, आणि मुंबई तर विचारूच नका. तेव्हा साहेबाच्या जागी येतो तो त्याचा कागद. हल्ली मोबाइलवरचा निरोप. ह्या कागदावर विश्वास ठेवल्यावाचून काम चालत नाही, आणि भामट्याचा डोळा नेमका त्याच विश्वासावर असतो.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. शिवकालीन पत्रे पाहा. माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच ‘येथे मर्यादा झाली’ अशा अर्थाची छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. ते कशासाठी? खालच्या कोऱ्या जागेत कुणी एक ओळदेखील घुसडू नये म्हणून! एका अक्षरानं काय होतं, ते ‘ध’चा ‘मा’ ह्या गोष्टीनं महाराष्ट्राच्या घरोघरी पोचवलं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ कुणी केलं, ह्याबद्दल लोक अजून बोलतात. ती कथा खरी असो वा नसो. तिच्यातली भीती खरी आहे.

त्याहून मोठा धडा तोतयाचा. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढं एक इसम ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळीच चौकशी होऊन तो तोतया ठरला, कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीच्या अंमलदारानं त्याला सोडलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या नावानं चालू लागले. मोठं नाव ऐकलं की चौकशीचा निकालही लोक विसरतात! महादजी शिंदे आणि पानसे यांना फौजेनिशी जावं लागलं. अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहांत शासन झालं.

आता अलीकडचं पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लांबवले. एटीएम पैसे देण्यापूर्वी बँकेच्या यंत्रणेला ‘देऊ का?’ असं विचारतं. चोरांनी मध्येच एक बनावट यंत्रणा बसवली. ती प्रत्येक वेळी ‘दे’ म्हणाली. म्हणजे तोतयाच गादीवर बसला! २८ देशांतल्या एटीएममधून रक्कम निघाली.

आपल्या कचेरीत येणारा तोतया लहान असतो. तो निरोप पाठवतो: ‘पगाराचं खातं बंद होईल, ही लिंक दाबा’, किंवा ‘मी साहेब बोलतोय, रक्कम आत्ताच भरा, कुणाला सांगू नका.’ ह्यालाच फिशिंग म्हणतात. प्राणहितेत गळ टाकणाऱ्याला ते समजावून सांगायला नको. आमिष चमकतं, काटा आत असतो.

मग करावं काय? जुन्यांनी केलं तेच. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, कारण ‘ध’चा ‘मा’ तिथंच होतो. निरोपातल्या क्रमांकावर फोन करू नये. कचेरीच्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर साहेबांना विचारावं. पैशाचा हुकूम एकट्यानं बजावू नये, दुसऱ्याची नजर त्यावर पडू द्यावी. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नये, मग तो साहेब का असेना.

आणि साहेबांनाही एक विनंती. हाताखालचा शिपाई वा नवा शिक्षक ‘हा हुकूम आपलाच ना?’ असं विचारू लागला, तर रागावू नका. तो तुमचा अपमान करीत नाही, तुमच्या शिक्क्याची राखण करतो. चूक झालीच, तर ती लपवण्यात वेळ जातो आणि पैसाही. लगेच बँकेला कळवावं, १९३० ह्या क्रमांकावर तक्रार द्यावी.

रत्नागिरीच्या त्या अंमलदारानं कैद्याची बेडी काढण्यापूर्वी पुण्याला एक पत्र टाकून उत्तराची वाट पाहिली असती, तर फौज निघाली नसती. उत्तर यायला तेव्हा दिवस लागत. आज एक फोन पुरतो.