पोकळ बैल ते वढवाणा

डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. २०२१ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. आज बडोदेकर हिवाळ्यात तिथे जातात ते हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पाहायला. पहाटेपासून काठावर कॅमेरे लागतात. थवा जवळ येतोय असे वाटते, तोच कोणीतरी उठून पुढे सरकतो आणि सगळे पक्षी पलीकडच्या काठाला जातात. मंडळी हळहळतात. ही हळहळ सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

त्या काळी कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावरचे जड खोके. काळ्या कापडाखाली डोके घालून तो जुळवायचा. काचेच्या एका प्लेटवर फोटो एकच. तेवढ्यात पक्षी उडाला की सारी मेहनत वाया. पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच, ती म्हणजे घरटे. म्हणून इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये सुरुवात केली ती घरट्यातल्या अंड्यांच्या फोटोने. १८९५ मध्ये रेजिनाल्ड लॉज यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले, तेही अंडी उबवणाऱ्या, आपल्या टिटवीच्या जातीतल्या पक्ष्याच्या फोटोसाठी. पक्ष्यांना फसवण्यासाठी कीर्टन बंधूंनी बैलाचे कातडे वापरून पोकळ बैल केला आणि आत माणूस व कॅमेरा बसवला. एकदा तो बैल आतल्या रिचर्डसकट उलथला!

घरट्याजवळ जाण्यात धोकाही होता. १९३७ मध्ये वेल्समध्ये एरिक हॉस्किंग रात्री घुबडाच्या घरट्याजवळ गेले. अंधारात घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. तरीही त्यांनी पक्ष्यांचे फोटो काढणे सोडले नाही.

घरट्याजवळच्या आपल्या वावराची किंमत मात्र बहुधा पक्षीच मोजतात. फोटोसाठी आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला केल्या की अंडी-पिले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत येतात; घाबरलेले आईबाप दूरच राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येत धरले आहे. अनेक छायाचित्र स्पर्धाही आता घरट्यांचे फोटो घेत नाहीत.

कीर्टन बंधूंना घरट्यावाचून दुसरा मार्ग फारसा नव्हता. आपल्या हातात दूरवरचे टिपणारी भिंग आहेत, तेव्हा ती सबब आपल्याला नाही. वढवाण्याला थवा लांब बसला असेल, तर आपणही जागेवरच बसावे. फोटो लहान येईल, कधी येणारही नाही. पण आपल्यामागून आलेल्या शाळकरी मुलांना पाण्यावर बसलेला थवा पाहायला मिळेल.