लो केलेल्या गाडीचा पूर्वपक्ष

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत, केडगाव-चौफुला असं जाताना एखादी तरी हॅचबॅक दिसते, जिच्या टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटंही शिरायची नाहीत. गाडी ‘लो’ केलेली असते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: खाली बसली की गाडी रस्ता धरते, शर्यतीच्या गाड्या बघा की! हा पूर्वपक्ष. पोरांचा शौक म्हणून तो उडवून लावता येईल, पण ते खंडन नव्हे, नुसती कुरकुर. या मतात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते टिकलं आहे.

तेवढं तथ्य आधी मान्य करू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. गुरुत्वमध्य 540 मिमीवर धरला आणि तो 30 मिमीने खाली आला, तर ही सरक सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते. टायरला फायदा होतो, यात शंका नाही. पण फायदा एवढाच.

वादाचं खरं ठिकाण पुढे आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली आणली की त्याच्या लोअर आर्मचा कोन बदलतो, आर्मचं चाकाकडचं टोक तुलनेने वर जातं. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडीचं अंग कलतं तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली घसरतो. समजा तो 90 मिमीवर होता आणि अंग 30 मिमी उतरताना तो 60 मिमी उतरला. आधी दोन बिंदूंमधलं अंतर 450 होतं, आता 480 झालं. गाडीला कलवणारी तरफ ही एवढी लांब असते. म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा तोच ठेवून गाडी नुसती खाली आणली, तर ती वळणावर कमी नाही, जास्त कलेल. यवतहून भुलेश्वरच्या घाटात लो केलेली गाडी सपाट वळल्यासारखी वाटते ती उंची घटल्यामुळे नाही, स्प्रिंग कडक झाल्यामुळे. कलणंच कमी करायचं असेल तर जाड अँटी-रोल बार ते काम करतो, आणि उंचीही शाबूत राहते.

यावर पोटपक्ष तयारच असतो: मग स्प्रिंगचा एक वेढा कापला की झालं, फुकटात खाली आणि कडक. स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे खरं. सहाचे पाच केले तर तो 20 टक्क्यांनी वाढतो. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि खड्ड्यात चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटते. तापवून बसवलेल्या स्प्रिंगबद्दल तर बोलायलाच नको. पोलादाचं पाणीच उतरलेलं असतं, ती पुढेही बसत राहते. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगचीही भुरळ पडू देऊ नये. तिच्या वरचे जवळजवळचे वेढे बऱ्याचदा गाडी उभी असतानाच एकमेकांना टेकलेले असतात. त्यांचं मुख्य काम चाक लोंबताना स्प्रिंग जागेवर धरून ठेवणं हे असतं, मऊपणा देणं नव्हे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. लोक स्प्रिंग निवडतात ती ‘किती खाली’ या आकड्यावर. निवडायला हवी ‘खाली किती उरलं’ यावर. हिशोबासाठी मागच्या चाकाशी कडकपणा मिलिमीटरला 20 न्यूटन धरू, आणि रिकाम्या गाडीत बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे शॉकअपवरच्या त्या रबरी ठोकळ्यापर्यंत, 80 मिमी चाल. मागे तिघं बसले, डिकीत गुळाच्या ढेपा पडल्या, प्रत्येक मागच्या चाकावर 90 किलो वाढले. मूळ स्प्रिंग 44 मिमी बसेल, 36 उरतील. आता गाडी 40 मिमी खाली आणणारी आणि 30 टक्के कडक स्प्रिंग घ्या. ती भाराने 34 मिमीच बसेल, पण उरतील फक्त 6. खड्ड्याचा दणका पोटात घेण्याची स्प्रिंगची ताकद उरलेल्या चालीच्या वर्गाने घटते. कडकपणा जमेला धरूनही ती मूळच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्यावर येते. बाकीचा दणका रबर, शॉकअप आणि चेसिस खातात. तेवढीच कडक पण 20 मिमीच खाली आणणारी स्प्रिंग घेतली, तर 26 मिमी उरतात आणि ताकद दोन-तृतीयांश टिकते. वीस मिलिमीटरचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. रबरावर टेकलेलं चाक मात्र वळणावर अचानक दगडासारखं कडक होतं आणि पकड तिथेच सुटते. ज्या पकडीसाठी खटाटोप केला, तीच जाते.

विरोधकांचाही एक लाडका मुद्दा आहे, तोही तपासू: गतिरोधकावर गाडी घासेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर आहे. एवढ्या अंतरात ही गोलाई मधोमध जेमतेम 44 मिमी वर येते. लो केलेली गाडीही तो निवांत ओलांडेल. घासते ती गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या हातभर रुंदीच्या टेंगळावर, आणि त्याचा दोष स्प्रिंगला देता येत नाही. घासल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, संपलेली चाल कुणाला दिसत नाही. म्हणून वाद भलत्याच जागी होतो.

मग शेवटचं अस्त्र: कंपन्या स्वतःच गाडी खाली आणतात ना? आणतात. उदाहरण आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातलंच. फियाटने 2015 साली रांजणगावच्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो बाजारात आणली, 145 अश्वशक्तीची, नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली आणि कडक. पण चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि 16 इंची चाकं देऊन सगळा मेळ नव्याने घातला होता. आणि एवढं करून जमिनीपासूनची उंची ठेवली 155 मिमी. साध्या स्विफ्टची उंची 163 आहे. 40 मिमी उतरवली की स्विफ्टची 123 होते. हा दाखला लो करणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

तेव्हा मंडन एवढंच. गाडी 15 ते 25 मिमीच्या पलीकडे उतरवू नये. पुढची-मागची जोडी एकाच संचातली घ्यावी. मागच्या स्प्रिंगच्या हेलकाव्यांची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद असावी, हे मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं, नाहीतर गाडी डुलत राहते. कडकपणा 30 टक्के वाढला तर शॉकअपचं डॅम्पिंगही साधारण 14 टक्क्यांनी वाढायला हवं. थकलेल्या जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवणं व्यर्थ. बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करायलाच हवं, कारण टायरॉडचा कोन बदलतो आणि टायर आतून झिजतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबाबत कडक आहे, तेही आधी वाचावं. दुकानदार मिलिमीटरच सांगत असेल आणि कडकपणाचा आकडा विचारल्यावर ‘एकदम स्पोर्टी’ म्हणत असेल, तर दुसरं दुकान शोधावं.