ओवा, लिस्टरीन आणि चरक



मीटिंगआधी घाईघाईने मिंट तोंडात टाकणारे आपल्यात बरेच असतील. मीही त्यातलाच. परवा लिस्टरीनचं लेबल वाचलं, तर त्यात थायमॉल! अहो, आपल्या ओव्याला वास येतो तो याच थायमॉलमुळे.

लिस्टरीन १८७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला बनलं, ते शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून. नाव ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून. १९२० च्या दशकात जाहिरातींनी 'हॅलिटोसिस' हा भारदस्त शब्द घरोघरी नेला. तोंडाला वास येतो म्हणून लग्न जमत नाही अशी भीती घातली आणि बाटल्या धडाधड खपल्या.

चरकसंहिता (सूत्रस्थान, अध्याय ५) लाजेच्या भानगडीत न पडता सरळ कारण सांगते: जिभेच्या मुळाशी साचलेला मळ. तो तांब्या-चांदीच्या पट्टीने खरवडा, असं सांगून मग लवंग, वेलदोडा, जायफळ, विड्याचं पान सुचवते. आधी सफाई, मग सुगंध. आजचे डेंटिस्टही जिभेवरच्या जंतूंकडेच बोट दाखवतात.

आपल्या भाषेत, एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही! तेव्हा जीभ रोज घासा. तरीही वास राहिला तर हिरड्या दाखवून घ्या, तिथे ओवा-लवंग पुरत नाही.