सालीखालचा डिंक : तुरीच्या डाळीचा न लिहिलेला इतिहास

नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी घडावरून उतरली की काही दिवसांत मऊ पडतात. तिथून दीडेकशे किलोमीटरवर, लातूरच्या आडतीत आलेली तूर मात्र वर्ष उलटले तरी टणक राहते. उलट जितकी जुनी, तितकी ती शिजायला कठीण. एक जिन्नस सुटत जातो, दुसरा घट्ट होत जातो. वरवर उलट वाटणाऱ्या या दोन गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : पेशीला पेशी कशाने चिकटते आणि ते चिकटणे कोण सोडवते?

वनस्पतीच्या दोन पेशींच्या मध्ये पेक्टिनचा पातळ थर असतो. विटांमधल्या चुन्यासारखे त्याचे काम. पेक्टिनला हे नाव फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 मध्ये दिले. 1840 मध्ये एदमों फ्रेमी यांना गाजराच्या रसात पेक्टिन थिजवणारे द्रव्य आढळले. 1886 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी दाखवले की एका बुरशीच्या रसाने वनस्पतीच्या पेशी सुट्या होतात, आणि तो रस तापवला की ही ताकद जाते. ही द्रव्ये म्हणजे विकरे, आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो ती.

यातली गंमत अशी की सगळी विकरे एकाच दिशेने काम करत नाहीत. एक विकर पेक्टिनवरचे मिथाइल गट काढून टाकते. मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम बसते, दोन साखळ्यांना जोडते आणि थर घट्ट होतो. दुसरे विकर त्याच साखळ्या कापते आणि थर सैल होतो. पिकणाऱ्या केळ्यात कापणाऱ्याची सरशी होते. साठवलेल्या तुरीत काय होते, ते पुढे पाहू.

आधी सालीकडे वळू. हरभरा, मसूर यांची साल सहज सुटते. तूर, मूग, उडीद यांची सुटत नाही. साल आणि डाळिंबी यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तो सोडवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कुठे तूर भिजवून तिला तांबडी माती चोळायची, रात्रभर ढीग करून ठेवायची, मग उन्हात वाळवून जात्यावर भरडायची. कुठे दाणा आधी नुसता खरवडून घ्यायचा, तेलाचा हात लावायचा, ऊन द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि पुन्हा ऊन द्यायचे. पाण्याने डिंक फुगतो, उन्हाने आकसतो आणि साल सुटते. खरवडलेल्या जागेतून आत शिरलेले तेल तिची पकड ढिली करते. शिवाय भिजलेल्या दाण्यात उगवणीची तयारी सुरू होते, म्हणजे झोपलेली विकरे जागी होतात. जात्यावर बसलेल्या बाईला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. पण किती पाणी, किती ऊन, हे तिच्या हाताला ठाऊक होते.

1911 मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली. निजामाच्या राज्यातल्या या पेठेचा माल तिने बाहेरच्या बाजाराशी जोडला. पुढे लातूर डाळमिलांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. मिलमध्ये जात्याची जागा रोलरने घेतली, पण रीत मुळात तीच राहिली : खरवडणे, तेल, पाणी, ऊन, भरड. 1950 मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी उन्हाऐवजी गरम हवेने दाणा तापवण्याची पद्धत बसवली. प्रश्न पैशाचाही होता. तुरीत सालीचा वाटा सुमारे 11 ते 15 टक्के. म्हणजे हिशेबाने शंभर किलोला पंच्याऐंशीच्या पुढे डाळ यायला हवी. जुन्या पद्धतीत ती सत्तरच्या आसपास येई. उरलेली चुणी आणि पीठ होऊन जनावरांपुढे जाई. पुढे या डिंकावर थेट विकरे वापरून पाहण्याचे प्रयोगही झाले.

आता जुन्या तुरीकडे. डाळ शिजते म्हणजे तिच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून नवी डाळ लवकर शिजते. उष्ण, दमट जागी साठवण झाली की फायटेज हे विकर त्या फायटेटला फोडते. सुटलेले कॅल्शियम पेक्टिनला जाऊन चिकटते आणि दाणा हट्टाला पेटतो. वाटाण्याच्या शिजण्यामागचे हे गणित स्वीडनच्या सांते मॅटसन यांनी 1946 मध्ये मांडले. हे एकच कारण नव्हे, पण मोठे कारण आहे. बोअरच्या जड पाण्यात वरण शिजत नाही, त्याचेही मूळ इथेच. जड पाणी बाहेरून कॅल्शियम आणते. आणि चिमूटभर सोडा टाकणारी आजी नेमकी तीच गाठ सोडवत असते.

ब्राकोनो, फ्रेमी, मॅटसन यांनी लिहून ठेवले, म्हणून त्यांच्या तारखा मला देता आल्या. जात्यावरच्या बाईचे नाव नाही, तारीख नाही. तिच्या ओव्या अभ्यासकांनी गोळा केल्या, तिच्या दुःखाची नोंद झाली. पण जाते सुरू करण्याआधी तुरीला ती किती ऊन देत होती, याची नोंद कुणी केली? आपण तिला कष्टाळू म्हणालो, जाणकार म्हणालो नाही. मिल आली तेव्हा तिचे कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण तिचे ज्ञान मिलमध्ये गेले आणि तिच्या नावावर मात्र चढले नाही.

घरी तूर भरडलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. या दिवाळीत गावी जाल तेव्हा त्यांच्यापाशी बसा. माती कुठली घेत, तेल किती लावत, ढीग किती वेळ झाकून ठेवत, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. वर त्यांचे नाव आणि गावही लिहा.