पदार्पणाचा हिशेब

अमेरिकेत बेसबॉलपटूंची छायाचित्रे छापलेली कार्डे जमवण्याचा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. आधी ही कार्डे सिगारेटच्या पाकिटातून यायची, पुढे च्युइंगमबरोबर येऊ लागली. आपल्याकडेही आमच्या थोरल्या भावांच्या वेळी 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. त्यांवर धावा आणि विकेट छापलेल्या असत आणि मोहल्ल्यातली पोरे त्यांची बेरीज करत बसत. पण अमेरिकेतल्या शौकिनांचा एक वाद आहे, तो आमच्याकडे कधी कोणाला सुचला नाही. खेळाडूचे खरे पहिले कार्ड कोणते? त्याला ते 'रूकी कार्ड' म्हणतात. रूकी म्हणजे नवखा. उर्दूत ज्याला नौआमोज म्हणतात तो.

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पहिले म्हणजे ज्याच्या आधी दुसरे नाही ते, यात वाद कसला? पण बघा. मिकी मॅन्टल या खेळाडूचे टॉप्स कंपनीने १९५२ साली छापलेले एक कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकले गेले. लोक त्याला मॅन्टलचे पहिले कार्ड समजतात. ते पहिले नाही. बोमन कंपनीने १९५१ सालीच त्याचे कार्ड काढले होते आणि शौकिनांच्या वहीत तेच रूकी कार्ड आहे. म्हणजे किंमत एकाची आणि मान दुसऱ्याचा.

पुढे प्रकरण आणखी गुंतले. हंगामाच्या मध्यात संघात आलेल्या नव्या पोरांचे वेगळे संच कंपन्या काढू लागल्या. ते दुकानात पाकिटातून मिळत नसत, व्यापाऱ्यांकडे पेटीनेच मिळत. जेम्स बेकेट नावाचे संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक १९८४ पासून कार्डांच्या किमतींचे मासिक काढत होते. त्यांच्या यादीत अशा कार्डाला वेगळे चिन्ह मिळाले, कारण सगळ्यांना सहज मिळत नाही ते खरे पहिले कार्ड कसे धरायचे? मग खेळाडू मोठ्या लीगमध्ये येण्याआधीच, धाकट्या लीगमध्ये असताना त्याची कार्डे निघू लागली. शेवटी २००६ साली खेळाडूंच्या संघटनेने आणि लीगने मिळून नियम केला की मोठ्या लीगच्या संघात प्रत्यक्ष आल्यानंतरच रूकी कार्ड निघेल आणि त्यावर तसे बोधचिन्ह असेल. बाजाराने तो नियम किती मानला? माइक ट्राउट २०११ मध्ये मोठ्या लीगमध्ये उतरला. त्याचे अधिकृत रूकी कार्ड त्याच वर्षीचे. पण २०२० साली सुमारे ३९ लाख डॉलरला विकले गेले ते त्याचे २००९ चे, धाकटेपणीचे, सहीचे कार्ड.

हे सारे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे सी. के. नायडू उभे राहिले. नागपूरकर असून दुसरे कोण उभे राहणार?

कोट्टारी कनकैया नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले. पुढे होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले आणि नागपूरचा माणूस इंदूरचा झाला, पण ते पुढचे. त्यांचा पहिला सामना कोणता? शाळकरी मुलाला विचारा, तो सांगेल २५ जून १९३२, लॉर्ड्सचे मैदान, भारताचा पहिला कसोटी सामना, कर्णधार सी. के. नायडू. उत्तर बरोबर आहे. पण तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. या वयात माणूस नवखा असतो का? ते १९१६ पासून मुंबईच्या चौरंगी सामन्यांत खेळत होते आणि पहिल्याच डावात त्यांनी षटकाराने खाते उघडले, असे क्रिकेटचे जाणकार सांगत आले आहेत. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईला आला, तेव्हा बॉम्बे जिमखान्यावर त्यांनी १५३ धावा काढल्या आणि त्यात ११ षटकार होते. हिंदुस्थान कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे हे साहेबाला पटायला ती खेळी फार कामी आली. आमच्या मते नायडूंचे 'खरे' कार्ड कोणी छापायचे असेल तर ते १९२६ चे छापावे. पण आमचे मत म्हणजे नियम नव्हे.

इथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यायला हवी. १९१६ साली नायडू ज्या संघाकडून उतरले त्याचे नाव मुंबई नव्हते, मध्य प्रांतही नव्हते. त्याचे नाव होते 'हिंदू'. समोर 'युरोपियन'. पारशी आधीपासून होते, १९१२ पासून 'मुस्लिम' संघ आला, १९३७ मध्ये 'इतर' आले. ज्यांचा कुठल्या खान्यात बसेना ते सारे या इतरांत. विजय हजारे ख्रिस्ती म्हणून इतरांकडून खेळले आणि १९४३ मध्ये संघाच्या एका डावातील ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. म्हणजे त्या काळातल्या कितीतरी मोठ्या खेळाडूंच्या नावापुढे थोरल्या सामन्यांत त्यांचा धर्म छापलेला आहे. महात्मा गांधींनी १९४० साली या जमातवार सामन्यांविरुद्ध मत दिले, १९४६ नंतर ते बंद झाले. बंद झाले ते बरेच झाले. पण त्यातले चांगलेही विसरू नये. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला अवघा एक गडी राखून हरवले, कर्णधार होते मुश्ताक अली. मुंबईचे के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. हेच मुश्ताक अली इंदूरचे, नायडूंच्या तालमीत घडलेले, आणि १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशी भूमीवर कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय. उस्ताद हिंदू संघाचा, शागीर्द मुस्लिम संघाचा, आणि कसोटीत दोघे एकाच टोपीत. १९३२ च्या त्या पहिल्या कसोटीच्या अकरांतही वझीर अली, नझीर अली, जहांगीर खान आणि मोहम्मद निसार असे चौघे होते. इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर निसारने त्रिफळाचीत केले आणि पहिल्या डावात पाच बळी घेतले.

आता मुद्दा असा की या चौरंगी-पंचरंगी सामन्यांना 'प्रथम श्रेणी' कोणी म्हटले? खेळणाऱ्यांनी नाही. प्रथम श्रेणी म्हणजे काय याची व्याख्याच मुळी १९४७ च्या मे महिन्यात इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सने केली: अकरा-अकरांचे दोन संघ, तीन किंवा अधिक दिवस, आणि अधिकारी संस्थेची मान्यता. आधीच्या सामन्यांना ती लागू केली नाही. मग आधीचे काय? ते पुढे सांख्यिकांनी ठरवले. १९७३ साली इंग्लंडमध्ये क्रिकेट सांख्यिकांची एक संस्था निघाली. तिने देशोदेशीची जुनी धावपत्रके तपासून याद्या केल्या. हिंदुस्थानातली प्रथम श्रेणी १८९२ च्या पारशी-युरोपियन सामन्यांपासून धरली जाते ती अशी, मागाहून. हैदराबादच्या मोईनुद्दौला चषकाला काही वर्षे हा दर्जा आहे, काही वर्षे नाही. एकाच मैदानावर त्याच चषकासाठी खेळलेला माणूस एका साली प्रथम श्रेणीचा, दुसऱ्या साली नाही!

आम्ही शिक्षक मंडळी यावर फार हसू शकत नाही. आमच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर आहे. पोर दोन वर्षे अंगणवाडीत बसलेले असते, आपा-बाजींबरोबर वर्गात येऊन कायदा वाचायला शिकलेले असते. पण त्याचे शालेय आयुष्य सुरू होते ते रजिस्टरवर नोंद झालेल्या तारखेला. जन्मतारीखही तीच खरी, जी तिथे लिहिली. घरातल्या आजीची आठवण काही सांगो.

काही नोंदी अशा असतात की रजिस्टरच दोन. अब्दुल हफीज कारदार १९४६ मध्ये भारताकडून कसोटी खेळले, तेव्हा धावपत्रकावर नुसते 'अब्दुल हफीज' असे. ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीला पाकिस्तानचा पहिला कसोटी सामना झाला, त्या संघाचे कर्णधार तेच. अमीर इलाहीही आधी भारताकडून एक कसोटी खेळून गेलेले. म्हणजे पाकिस्तानच्या पहिल्या कसोटीतल्या अकरांपैकी नऊच नवखे होते. देश नवा, पण ते दोघे जुने. अमेरिकेच्या कार्डवाल्यांपुढेही असाच पेच आला. जपानचा इचिरो सुझुकी तिकडे नऊ हंगाम गाजवून २७ व्या वर्षी अमेरिकेत गेला आणि २००१ साली त्याला 'वर्षातला सर्वोत्तम नवखा' हा किताब मिळाला. त्याची जपानी कार्डे १९९३ पासूनची आहेत. खरे पहिले कोणते, यावर शौकीन अजून भांडतात.

पण याहून मोठा सवाल सॅचेल पेजचा आहे, आणि आम्हाला तो अधिक जवळचा वाटतो. पेज काळा होता. काळ्यांना मोठ्या लीगचे दार बंद होते, म्हणून काळ्यांच्या वेगळ्या लीग होत्या आणि पेजने वीसेक वर्षे तिथे गोलंदाजी गाजवली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी दार उघडले. पुढच्या वर्षी, वयाची ४२ वर्षे पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी, पेज मोठ्या लीगमध्ये 'पदार्पण' करता झाला. त्याचे रूकी कार्ड त्यानंतरचे आहे. बेचाळीस वर्षांचा नवखा! डिसेंबर २०२० मध्ये त्या खेळाच्या कारभाऱ्यांनी १९२० ते १९४८ च्या काळ्यांच्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य वहीत घेतले. तेव्हा एका फटक्यात जॉश गिब्सन सर्वकाळच्या सरासरीच्या यादीत पहिला आला. तो जानेवारी १९४७ मध्ये, दार उघडण्याच्या तीन महिने आधी, वारला होता.

आपल्याकडे त्या जागी बाळू पालवणकर आहेत. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामे करता करता साहेबांना चेंडू टाकणारा चांभार समाजाचा हा मुलगा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. कसोटीचा दर्जा आला १९३२ मध्ये. तोवर बाळू खेळून संपले होते. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला, पण बाळूंना तो मान कधी दिला गेला नाही. कसोटी क्रिकेटच्या वहीत बाळूंचे पान नाही. रूकी कार्डाच्या नियमाने पाहिले तर या माणसाचे पदार्पण झालेलेच नाही.

टपाल खात्याने १९९६ साली चार क्रिकेटपटूंची तिकिटे काढली: देवधर, मर्चंट, मंकड आणि आपले नायडू. नायडू १९६७ मध्येच गेले होते. तिकीट कार्ड धरले तर ते निधनानंतर २९ वर्षांनी आले. सचिन तेंडुलकरचे मात्र हयातीतच, २०१३ मध्ये. सचिनचा पहिला सामना विचारला तर कराची, नोव्हेंबर १९८९, असे सगळे सांगतात. त्याआधी डिसेंबर १९८८ मध्ये मुंबईकडून गुजरातविरुद्ध त्याने शतक काढले होते. आणि त्याच्याही आधी, जानेवारी १९८७ मध्ये, ब्रेबॉर्नवरच्या एका प्रदर्शनी सामन्यात तेरा वर्षांचा सचिन बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरला होता, पाकिस्तानच्या बाजूने. कार्ड कंपनीला हे छापायची हिंमत होईल का?

आमच्या वर्गातली मुले टॉप्सची आयपीएलची कार्डे मधल्या सुट्टीत अदलाबदल करताना आम्ही पाहिली आहेत. त्यांत नागपूरच्या फैज फजलचे कार्ड कोणाकडे दिसले नाही. फैजने २००३ पासून विदर्भासाठी रणजी खेळायला सुरुवात केली. त्याच्या नेतृत्वाखाली १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तोही इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. त्या हंगामात त्याच्या ९१२ धावा होत्या. पुढच्या वर्षी जामठ्याला पुन्हा जिंकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. भारताकडून तो एकच सामना खेळला, १५ जून २०१६, हरारे, झिम्बाब्वेविरुद्ध एकदिवसीय. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याने नाबाद ५५ काढल्या, भारत दहा गड्यांनी जिंकला, आणि पुन्हा त्याला बोलावणे आले नाही. एकदिवसीय कारकिर्दीत तो कधी बादच झाला नाही, त्यामुळे धावांना भागायला काही नाही आणि नोंदवहीत त्याच्या सरासरीच्या रकान्यात आकड्याऐवजी आडवी रेघ असते.